खाडाखोड

एकतीस वर्षं तलाठी होतो,
कारकुनाचा हात मला लांबूनही ओळखू येतो.
जेवणाआधीचं अक्षर आणि जेवणानंतरचं.
घाईत गिळलेली वेलांटी.
ज्याचं नाव नीट ऐकूच आलं नाही
त्याच्यापुढे उगाच ठळक केलेला पूर्णविराम.

म्हणून राजिवड्यात, नातीच्या लॅपटॉपवर
विलायतेची जुनी खानेसुमारी उघडली
तेव्हा मी बिचकलो नाही.
होडेकर शोधायचं होतं.
होडी ज्याची तो होडेकर, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.
तिथे कोण सांगणार?

अठराशे एक्याण्णव. बर्कनहेडची गोदी.
बोटीच्या पोटात झोपलेल्या बेचाळीस खलाशांत
एक आहे 'ओडेकर'. ह कुठे पडला कोण जाणे,
समुद्रात पडला असेल.
जन्मगावाच्या रकान्यात रत्नागिरीचं असं काही केलंय
की भाट्याची खाडीसुद्धा हसली असती.
वय बावीस. काम, कोळसा ओढणे.

एकोणीसशे एक. आता ओडेकरही नाही, हॉडर.
याकूबचा जेकब झालेला.
बायको एलन, दोन मुलं, गल्लीचं नाव, घराचा नंबर.
नातीला म्हटलं, फेरफार झाला बघ,
नोटीस न काढता.

आमच्या घरात तो बुडालेला होता.
दरसाल शब-ए-बरातीला त्याच्या नावाचा फातेहा,
सांदणं, नारळाचं दूध.
पणजी हलीमा मात्र
हातातल्या काचेच्या बांगड्यांसकट गेली, चौपन्न साली.
'बुडताना बघितलान कोणी?'
एवढंच म्हणायची, आणि सांदणं वाढायची.

एकोणीसशे अकराचा कागद वेगळा.
तो घरधन्याने स्वतः भरायचा होता.
म्हणजे हे अक्षर त्याचं.
शाळा न बघितलेल्याचं, एकेक अक्षर
नांगर टाकून थांबल्यासारखं.
लग्नाला वर्षं किती.
मुलं झाली किती, हयात किती, मेली किती.
झाली पाच. हयात पाच.
खाली नावं चार.

आणि त्या पाचावर
तपासनिसाची लाल रेघ. शेजारी, ठळक, चार.

बरोबरच केलं त्याने.
नावं मोज, आकडा जुळव, पुढच्या घरी जा.
मीही तेच केलं असतं.
केलंय.
एका वारसनोंदीत 'मुलगी मुंबईस, ठावठिकाणा नाही'
म्हणून मी जिला गाळली
तिचं नाव मला अजून पाठ आहे.
द्वारका धोंडू रेवाळे.
कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
नियम दाखवला असता.

पाचवा म्हणजे माझा आजा, हसनमियाँ.
त्या साली एकवीस वर्षांचा,
ह्याच पाखाडीत जाळी विणत बसलेला,
बापाच्या फातेह्याला डोळे मिटून हात उचलणारा.
त्याला कधी कळलं नाही
की बर्कनहेडमध्ये एका टेबलावर,
एलनच्या चार पोरांबरोबर,
तो मोजला गेला.
हयात म्हणून.
एलनला कळलं होतं का, हेही कागदावर नाही.
तसा रकानाच नव्हता.

रामआळीत प्रिंट काढायला गेलो.
पोरगा म्हणाला, काका, ही लाल रेघ मध्ये आलीय,
साफ करून देऊ? दोन मिनिटांचं काम.
म्हटलं, राहू दे.
मग कलर काढावी लागेल, जास्त पडतील.
पडू देत.